चौथी वीट हवेची

एक कोडं घ्या. समजा, बरोबर चार विटा मावतील एवढी जागा आहे आणि तिथे भिंत उभारायची आहे. लांबी, उंची, जाडी यांतलं काहीही कमी करायचं नाही. पण विटा मिळणार तीनच! विटा फोडायच्या नाहीत. मसाला, म्हणजे विटा जोडणारं सिमेंट-वाळूचं मिश्रण, तोही जास्तीचा मिळणार नाही. करा बघू भिंत पूर्ण.

केरळात तिरुवनंतपुरम शहरात हे कोडं सोडवून बांधलेली घरं शेकड्यांनी उभी आहेत. त्यांत माणसं राहतात, मुलं अभ्यासाला बसतात आणि केरळचा धो धो पाऊस ती घरं वर्षानुवर्षं झेलतात. ही घरं बांधणाऱ्या माणसाचं नाव लॉरी बेकर. त्यांची गोष्ट पुढे सांगतेच, पण आधी कोडं सोडवू.

सहा-सात रिकाम्या काडेपेट्या शोधून आणा. काडेपेटीला विटेसारख्याच तीन वेगवेगळ्या बाजू असतात: एक लांब, एक मध्यम, एक आखूड. नेहमीच्या भिंतीत गवंडी वीट आडवी निजवतो, तिची सगळ्यात मोठी बाजू खाली ठेवून. आपण काडेपेटी तिच्या लांबट, अरुंद कडेवर उभी करायची. मग तिच्यासमोर, मध्ये थोडी जागा सोडून, तशीच दुसरी उभी करायची. दोघींच्या टोकाला तिसरी काडेपेटी आडवी लावायची, तीसुद्धा कडेवरच उभी. पुढे पुन्हा दोन समांतर, पुन्हा एक आडवी. झालं? आता वरून बघा. मधोमध रिकाम्या चौकोनांची रांग दिसेल.

आता गणित. बांधकामाच्या जागी अजून इंचातच बोलतात, म्हणून आपणही इंचातच मोजू. मसाल्याची जाडी धरून वीट साधारण 9 इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि 3 इंच जाड समजा. कडेवर उभ्या केलेल्या दोन विटांची जाडी 3 आणि 3 इंच, मधली मोकळी जागा 3 इंच. एकूण झाली 9 इंच, म्हणजे नेहमीच्या जाड भिंतीएवढीच जाडी. दोन समांतर विटा आणि एक आडवी, असा एक गट भिंतीची 12 इंच लांबी आणि साडेचार इंच उंची व्यापतो. 12 गुणिले 9 गुणिले साडेचार किती? 486 घन इंच. एका विटेचं घनफळ 121.5 घन इंच. तीन विटांचं 364.5. वजाबाकी करा. उरले 121.5 घन इंच.

म्हणजे बरोबर एक वीट! चौथी वीट भिंतीत आहेच की. ती हवेची आहे.

वरून पाहिलं तर ही भिंत उंदीर पकडायच्या पिंजऱ्यांच्या रांगेसारखी दिसते, म्हणून तिला ‘रॅट-ट्रॅप बाँड’ म्हणतात. बाँड म्हणजे विटा एकमेकींत गुंतवण्याची रीत. खऱ्या उंदरांना मात्र तिथे प्रवेश नाही. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा थर भरीव विटांचा असतो, त्यामुळे पोकळी दोन्हीकडून बंद होते. इंग्लंडमध्ये ही रीत जुनीच होती. बेकर यांनी ती भारतातल्या उन्हापावसात आणली आणि इथल्या गवंड्यांच्या हाती दिली.

शंभर विटांच्या जागी 75 विटा. पण बचत झाली ती पैशांचीच का? वीट कशी होते ते आठवा. शेतातली किंवा नदीकाठची चांगली माती उकरायची, साच्यात घालायची, वाळवायची आणि मग भट्टी लावून कित्येक दिवस भाजायची. आच हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. त्यासाठी दगडी कोळसा, लाकूड, भाताचं तूस, मिळेल ते जाळतात. ज्या मातीत ज्वारी नाहीतर भात उगवला असता, ती माती एकदा भाजली की पुन्हा कधीच शेताची होत नाही. म्हणून वाचलेली प्रत्येक वीट म्हणजे थोडं शेत आणि थोडा कोळसा वाचला.

गंमत पुढेच आहे. ती हवा नुसती जागा अडवून बसत नाही, कामही करते. थंडीत आपण गोधडी पांघरतो तेव्हा ऊब कापडाची नसते. कापडाच्या थराथरांत अडकून बसलेली हवा आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. स्थिर हवा उष्णता वाहून न्यायला फार आळशी आहे; विटेपेक्षा 20 पटींहून जास्त आळशी! भिंतीत हाच खेळ उलट्या दिशेने चालतो. बाहेर ऊन तापतं, बाहेरची वीट तापते, पण मधली कोंडलेली हवा ती उष्णता सहजासहजी आत येऊ देत नाही. म्हणून भिंत 20 पट थंड झाली असं मात्र समजू नका. त्या आडव्या, आरपार बसलेल्या विटा असतात ना, त्यांच्यातून थोडी उष्णता आत घुसतेच. तरीही भरीव भिंतीच्या घरापेक्षा हे घर दुपारी कमी तापतं, आणि पंख्याचं बिलही कमी येतं.

आता लॉरी बेकर. जन्म 1917 चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातला. तिथेच ते वास्तुशास्त्र शिकले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी बंदूक हाती घ्यायला नकार दिला आणि ते जखमींची सेवा करणाऱ्या तुकडीत गेले. तुकडीबरोबर चीनला पोचले, तिथे कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. परत मायदेशी जायला निघाले, तर बोट मिळेना. मुंबईत वाट बघत थांबावं लागलं. त्या मुक्कामात त्यांची गाठ पडली थेट महात्मा गांधींशी!

गांधीजींचं लक्ष गेलं ते बेकर यांच्या बुटांकडे. ते बूट चिंध्यांपासून हाताने बनवलेले होते. टाकाऊ कापडातून बूट करणारा हा तरुण आपल्या कामाचा आहे हे गांधीजींनी ओळखलं असणार. त्यांनी बेकरना सांगितलेली एक गोष्ट बेकर पुढे जन्मभर सांगत राहिले: घर बांधायचं तर त्याचा माल घराभोवतीच्या पाच मैलांत मिळणारा असावा.

पाच मैल म्हणजे जेमतेम 8 किलोमीटर. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेलात तर गांधीजींनी हे स्वतः कसं करून दाखवलं ते बघता येईल. 1936 साली ते तिथे राहायला गेले. तिथलं आदिनिवास बघा, बापूकुटी बघा: मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढे सावलीचा ओटा. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी तिथे टेका आणि बाहेर आवारात उभं राहून बघा, फरक अंगालाच कळेल.

बेकर 1945 मध्ये पुन्हा भारतात आले, इथल्या कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने उभारायच्या कामावर. केरळच्या डॉ. एलिझाबेथ यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि दोघं हिमालयातल्या पिथौरागढला जाऊन राहिले. दोन-चार महिने नाही, तब्बल 16 वर्षं! एलिझाबेथ रोग्यांना तपासायच्या, बेकर इमारती बांधायचे. तिथे त्यांना कळलं की बर्मिंगहॅमला शिकलेलं बरंचसं इथे कामाचं नाही. डोंगरातली माणसं जवळच्या दगडांची, मातीची, लाकडाची घरं बांधत आणि ती त्या थंडीला, त्या उताराला अगदी जमून जात. पदवी घेतलेला हा वास्तुविशारद गावच्या गवंड्यांचा विद्यार्थी झाला. नंतर बेकर दांपत्य केरळात आलं आणि तिरुवनंतपुरमला स्थायिक झालं. तिथल्या खडकाळ टेकडीच्या उतारावर त्यांनी आपलं घर बांधलं, ‘द हॅम्लेट’. जुन्या पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कौलं, फुटक्या फरश्या, रंगीत बाटल्या, सगळ्याला त्यांच्या कामात जागा मिळे. नकाशेसुद्धा कित्येकदा वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेले असत.

जमिनीत झाड असेल तर बेकर झाड तोडत नसत. भिंत वाकवत! तुम्ही म्हणाल, वाकडी भिंत पडेल. करून बघा. एक कोरा कागद टेबलावर सरळ उभा करा. उभा राहतो? लगेच आडवा होतो. आता त्याला नागमोडी वळण द्या किंवा पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा उभा करा. राहिला ना उभा! भिंतीचंही असंच आहे. वळणं घेत जाणारी भिंत स्वतःलाच आधार देते, म्हणून ती पातळ असली तरी चालते. सरळ कुंपणाच्या भिंतीला जिथे जाड विटकाम आणि मध्ये मध्ये खांब लागतात, तिथे नागमोडी भिंत अर्ध्या विटेच्या जाडीत उभी राहते.

गोल खोलीचा हिशोबही असाच चकित करणारा आहे. 12 मीटर सुतळी घ्या. अंगणात तिचा चौकोन करा: प्रत्येक बाजू 3 मीटर, आतली जागा 9 चौरस मीटर. त्याच सुतळीचा गोल करा: आतली जागा जवळजवळ साडेअकरा चौरस मीटर! भिंत तेवढीच, खोली मोठी. बेकर यांच्या कामात गोल खोल्या, गोल मनोरे सारखे भेटतात ते उगाच नाही. तिरुवनंतपुरमला रेल्वे स्थानकाजवळ तंपानूरमध्ये त्यांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाउस आहे. लाल विटांचा उभा गोल मनोरा, आणि आत जिना नाहीच. एक चढता रस्ता गोल गोल फिरत वर जातो, त्याच्या कडेने टेबलं आणि बाकं. गिरक्या घेत वर जायचं आणि जागा मिळेल तिथे डोसा खात बसायचं. तिकडे जाणं झालं तर चुकवू नका.

त्या मनोऱ्याच्या भिंती भोकाभोकांच्या आहेत. विटा बसवताना मध्ये मध्ये एकेक जागा रिकामी सोडत गेलं की जाळीची भिंत तयार होते. रॅट-ट्रॅपमध्ये हवा भिंतीच्या पोटात कोंडलेली होती, इथे ती आरपार जाते. खिडकीचा खर्च काढा: लाकडाची चौकट, काच, लोखंडी गज, बिजागऱ्या, कड्या, रंग. जाळीला यातलं काही लागत नाही, उलट विटा वाचतात. बाहेरचं ऊन थेट आत न येता ठिपक्याठिपक्यांनी येतं, वारा खेळता राहतो, आतलं बाहेरून दिसत नाही आणि चोरालाही शिरता येत नाही. एक अडचण आहे आणि ती सांगायलाच हवी: डास. त्यांना जाळीची भिंत फारच आवडते. झोपायच्या खोलीत मच्छरदाणी नाहीतर आतून बारीक जाळी लावावीच लागते. धूळही येते. म्हणून कॉफी हाउसला जी भिंत शोभते ती रस्त्याकडेच्या घराला जशीच्या तशी लावून चालत नाही.

आता वर बघा. छताकडे.

स्लॅबसाठी सिमेंट लागतं, आणि सिमेंट हा फार भुकेला माल आहे. चुनखडीचा दगड आणि माती दळून भट्टीत सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवतात. जाळलेल्या कोळशाचा धूर निघतो तो वेगळाच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण चुनखडीत तो आधीपासून बांधलेला असतो. म्हणजे उद्या भट्टी सूर्याच्या शक्तीवर चालवली तरी दगडातला वायू सुटणारच! माणसं जगभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, त्यातले शंभरात सात-आठ भाग एकट्या सिमेंटचे आहेत. तेव्हा सिमेंट वापरावं, पण मीठ घालतो तसं मोजून.

ते कुठे कमी करता येईल हे कळायला जाडसा स्पंज घ्या. त्याच्या उभ्या बाजूवर स्केचपेनने उभ्या रेषा काढा. दोन पुस्तकांवर त्याची दोन टोकं ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. वरच्या बाजूला रेषा जवळ आल्या, खालच्या बाजूला फाकल्या. म्हणजे वजन आलं की स्लॅबचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाबलं गेलं तर हूं की चूं करत नाही. ताणलं गेलं की मात्र तडकतं. म्हणून खालच्या बाजूला लोखंडी सळया घालतात, ताण त्या झेलतात. मग तिथल्या काँक्रीटला काम काय? सळयांना घट्ट धरून ठेवायचं आणि गंजापासून वाचवायचं, एवढंच. दोन सळयांच्या मधल्या जागेत जे काँक्रीट असतं ते बरंचसं नुसतं वजन वाढवत बसलेलं असतं.

बेकर यांनी ते काढलं आणि तिथे घातली जुनी मंगळुरी कौलं. सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून आधार देणाऱ्या फळ्यांवर सळयांची चौकटी जाळी अंथरायची, प्रत्येक चौकटीत एकावर एक दोन कौलं ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. कौलांच्या आजूबाजूला सळया काँक्रीटमध्ये नीट बुडालेल्या राहतात, वरचा थर अखंड राहतो, आणि काँक्रीट मात्र शंभरात 20 ते 30 भाग कमी लागतं. स्लॅब हलका झाला की त्याला उचलून धरणाऱ्या भिंतींवरचा भारही कमी. आणि दोन कौलांच्या मध्ये काय अडकलं असेल? ओळखलंत! हवाच. वरून तापलेल्या गच्चीची धग ती खाली येताना अडवते. खोलीत उताणं पडून वर पाहिलं की लाल कौलांची नक्षी दिसते, ती निराळी मजा.

ही कौलं कोकणातल्या मुलांच्या ओळखीची आहेत. मंगळूरला 1865 साली बासेल मिशनच्या लोकांनी कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. रत्नागिरीला, गोव्याला, मुंबईलाही पोचली. आता कौलारू घर पाडून स्लॅब टाकायची घाई सगळीकडे चालली आहे आणि उतरवलेली कौलं परसात नाहीतर उकिरड्यावर पडून असतात. फार वाईट वाटतं ते बघून. शंभर वर्षं पावसात टिकलेली वस्तू ती!

कोकणाचा विषय निघालाच आहे तर चिऱ्याबद्दल थोडं. चिरा म्हणजे जांभा दगडाचा ठोकळा. तो खाणीतून कापून काढतात, भाजावा लागत नाही. 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या या दगडाची नोंद केली. त्याला नवल वाटलं ते याचं की जमिनीत असताना हा दगड पहारीने सहज कापता येतो, आणि हवेवर ठेवला की कडक होत जातो. चिरेबंदी घराला भट्टीचा धूर लागत नाही. पण चिरे काढून काढून सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, मोठाले खड्डे पडतात. पावसाळ्यात याच सड्यांवर इवली इवली रानफुलं येतात, आणि याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली चित्रं सापडली आहेत. जवळचा माल चांगला खरा, पण जवळचा आहे म्हणून ओरबाडायचा नाही.

आपल्या जुन्या घरांतली हवेची जागा तुम्हाला माहीत आहेच: वाड्याचा चौक. पुण्यातल्या 1807 च्या विश्रामबागवाड्याला असे तीन चौक आहेत. चौकात तापलेली हवा वर निघून जाते आणि भोवतालच्या खोल्यांतून वारा फिरतो. केरळातल्या नालुकेट्टू घरांतही मध्ये तसाच उघडा चौक असतो.

पुण्या-मुंबईची मुलं म्हणतील, आमच्याकडे ना वाडा ना कौलं, आमच्यासमोर उभा राहतोय 20 मजली टॉवर. बघा, तिथेही हवा घुसली आहे! टॉवरच्या भिंतींत करडे-पांढुरके मोठे ठोकळे रचलेले दिसतात. इंजिनीअर त्यांना एएसी ब्लॉक म्हणतात, पुष्कळ गवंडी म्हणतात सिपोरेक्स. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेली राख, चुना, सिमेंट, पाणी आणि त्यात अगदी थोडी ॲल्युमिनियमची पूड. चुना आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात आणि सगळं मिश्रण फुगून वर येतं. मग तारेने त्याचे ठोकळे कापतात आणि दाबाखालच्या वाफेत पक्के करतात. हायड्रोजन उडून जातो, त्याच्या जागी हवा शिरते. एका स्वीडिश माणसाने, अ‍ॅक्सेल एरिक्सनने, ही युक्ती 1920 च्या दशकात शोधली. हवेची एवढी भोकं असतात की कोरडा तुकडा बादलीत टाकला तर चक्क तरंगतो. राख वाया जाण्याऐवजी कामी येते, मातीही वाचते. मात्र हा ब्लॉक कारखान्यातच होतो आणि ट्रकने लांबून येतो, त्यामुळे पाच मैलांच्या परीक्षेत तो बहुधा नापासच. तरी 20 मजले चढवायचे असतील तर हलक्या भिंती हव्यातच, आणि तिथे तो लाल विटेपेक्षा बरा, असं मला वाटतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची राहिली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, लातूर आणि धाराशिवच्या भागात भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली, हजारो माणसं झोपेतच गेली. तिथली घरं होती माळवदाची: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. जवळच्याच मालाची, उन्हाळ्यात गारेगार अशी घरं. पण डोक्यावर मातीचा भयंकर भार, आणि खालच्या भिंतींत दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नाहीत. जमीन हलली तशा भिंती फाकल्या आणि माळवद खाली आलं. म्हणून निसर्गाला जपणारं घर बांधताना ते हलतं-डुलतं झालं तर काय, हा प्रश्न आधी विचारायचा. दगडी भिंतीत अधूनमधून आरपार जाणारे दगड हवेत, भिंतींना चारी बाजूंनी बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे हवेत, छप्पर हलकं हवं.

आणि इथेही ती पोकळी उपयोगी पडते. रॅट-ट्रॅप भिंतीच्या कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या बाजूला रिकाम्या चौकोनांतून उभ्या सळया घालतात आणि तेवढेच चौकोन काँक्रीटने भरून टाकतात. बाहेरून काही दिसत नाही, पण भिंतीला आतून कणा मिळतो. बाकीच्या चौकोनांत हवा तशीच.

हे सगळं इतकं चांगलं आहे तर सगळीकडे का दिसत नाही? एक कारण गवंड्याच्या हातात आहे. विटा सारख्या मापाच्या लागतात, वेड्यावाकड्या विटांची पोकळ भिंत जमत नाही. मसाला पोकळीत पडू द्यायचा नाही, भिंत सरळ उभी आहे ना हे ओळंबा लावून सारखं बघायचं, विजेच्या नळ्या कुठून जाणार ते आधीच ठरवायचं. शिकलेला गवंडी हे झपाझप करतो, न शिकलेला वैतागतो. बेकर यांना हे पक्कं ठाऊक होतं. 1985 मध्ये केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्यासह त्यांनी कॉस्टफोर्ड ही संस्था सुरू केली. ती कमी खर्चाची, निसर्गाला सोसणारी घरं बांधते आणि माणसांना हे काम शिकवतेही. 1990 मध्ये बेकर यांना पद्मश्री मिळाली. 2007 साली, नव्वदीत, तिरुवनंतपुरमलाच त्यांचं निधन झालं. गरिबाचं घर आणि श्रीमंताचं घर ते सारखंच मन लावून बांधत. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

दुसरं कारण मात्र आपल्याच डोक्यात आहे. गिलावा न केलेली भिंत म्हणजे पैसे संपले, कौल म्हणजे गरिबी, माती म्हणजे मागासलेपण, असं मोठी माणसं बोलतात आणि आपण ऐकतो. चांगल्या भाजलेल्या, नेटक्या रचलेल्या लाल विटेला गिलाव्याची गरज नसते, छपराची वळचण पुरेशी पुढे आली म्हणजे झालं.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. तुमच्या जवळ घर बांधलं जात असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तिथे जा. एकट्याने मुळीच नाही. गवंडीकाकांना विचारा: वीट कुठून आली, वाळू कुठून आली, पाच मैलांतलं यात काय काय आहे? जुनं घर पाडलं जात असेल तर कौलं, दारं, तुळया कुठे जाणार तेही विचारा, आणि कुणी फेकणार असेल तर फेकू नका म्हणा. काय कळलं ते आम्हाला लिहून पाठवा, चित्र काढून पाठवलंत तर फारच छान. चित्रावर मापं घालायला विसरू नका.